शाब्ली : नावाची हद्द

मिस्साबलीसाठी लागणारी वाईन तांबडीच असली पाहिजे काय, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे चौकस मूल विचारतेच. उत्तर सोपे आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या संहितेतील ९२४ वे कलम एवढेच सांगते की, वाईन नैसर्गिक असावी, द्राक्षवेलीच्या फळाची असावी आणि बिघडलेली नसावी. रंगाची अट त्यात नाही. वेदीवरील शुभ्र वस्त्रांना डाग पडू नयेत म्हणून अनेक ठिकाणी पांढरी वाईनच पसंत केली जाते. ती कोणत्या गावची, याची तर चौकशीही कोणी करीत नाही. बाजाराची रीत निराळी. तेथे गावाच्या नावाला मोल येते, आणि ज्याला मोल येते त्याची चोरीही होते. फ्रान्समधील शाब्ली या लहानशा गावाच्या वाट्याला हे दोन्ही आले. एक काळ असा होता की, जगभर ‘शाब्ली’ म्हणून पांढरी वाईन विकली जात होती आणि खुद्द शाब्लीचे मळे मात्र ओसाड पडत चालले होते. हे कसे घडले, आणि गावाने आपले नाव परत कसे मिळवले, याचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

शाब्ली पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे १८० किलोमीटरवर, योन जिल्ह्यात, सेरँ नावाच्या छोट्या नदीच्या काठी वसले आहे. लोकवस्ती अडीच हजारांच्या आत. गाव बर्गंडी प्रदेशात मोडते. परंतु बर्गंडीच्या नामांकित मळ्यांचे केंद्र असलेले बोन शहर येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, तर शँपेन प्रदेशाच्या दक्षिण टोकाचे मळे त्यामानाने जवळ. येथे शाब्ली या नावाने फक्त पांढरी वाईन होते आणि ती शार्दोने या एकाच द्राक्षाची. गावकरी या द्राक्षाला पूर्वापार ‘बोनुआ’, म्हणजे ‘बोनकडचे’, म्हणत आले आहेत. शाब्ली ही ‘कोरडी’ वाईन होय. द्राक्षरसातील जवळजवळ सगळी साखर आंबताना संपून गेलेली असते, त्यामुळे जिभेवर गोडी राहत नाही. राहते ती स्वच्छ, काहीशी धारदार आंबट चव.

सेरँच्या दोन्ही तीरांवरील टेकड्यांच्या उतारांवर चुनखडी आणि चिकणमाती यांची मिश्र माती आहे. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी स्वल्पविरामाच्या आकाराची बारीक कालवे अगणित संख्येने साचली आणि त्यांचा खडक झाला. मळ्यातला दगड उचलून पाहिला तर आजही त्यात त्या शिंपल्या दिसतात. या थराला भूशास्त्रज्ञ किमेरिजी थर म्हणतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील किमेरिज या खेड्यावरून ते नाव पडले. त्याच्या वर, टेकड्यांच्या माथ्यांवर, त्याहून अलीकडच्या काळातला व अधिक कठीण असा पोर्टलँडी चुनखडीचा थर आहे. वाचकांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत, कारण याच दोन थरांवरून पुढे गावात उभी फूट पडली. शाब्ली कालवांबरोबर घ्यावी, असा फ्रेंच खवय्यांचा जुना आग्रह आहे. तेवढ्यावरून मातीतली कालवे वाईनच्या चवीत उतरतात असे कोणी सांगू लागल्यास कोकणकिनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांनी ते हसण्यावारी न्यावे. वेलीची मुळे शिंपल्यांची चव शोषून घेत नाहीत. चुनखडीमुळे पाण्याचा निचरा होतो, चिकणमाती ओल धरून ठेवते, आणि थंड हवेत द्राक्ष सावकाश पिकून त्याचा आंबटपणा टिकतो. चवीचे मर्म एवढेच.

या गावाच्या इतिहासात मठवासी प्रथम येतात ते निर्वासित म्हणून. नवव्या शतकात व्हायकिंग दर्यावर्दी लुआर नदीतून आत शिरून मठ लुटीत होते. तूर येथील संत मार्टिन यांच्या मठातील बंधूंनी आपल्या संताचे पवित्र अवशेष उचलले आणि ते आश्रय शोधीत निघाले. ८६७ मध्ये राजा चार्ल्स (इतिहास त्याला ‘टकला चार्ल्स’ म्हणून ओळखतो) याने शाब्ली येथील एक लहान मठ त्यांना दिला. अवशेष कालांतराने तूरला परत गेले. शाब्लीची मालकी मात्र संत मार्टिन यांच्या संस्थेकडे राहिली. गावातील त्यांच्या नावाच्या जुन्या चर्चच्या दक्षिण दरवाजावर घोड्यांचे नाल ठोकलेले दिसतात. संत मार्टिन हे घोडेस्वारांचे पालक संत. यात्रेकरू आपल्या घोड्यासाठी त्यांच्याकडे मध्यस्थी मागत आणि नाल अर्पण करीत.

द्राक्षमळ्यांना शिस्त आली ती सिस्टर्शियन संघामुळे. १०९८ मध्ये सितो येथे सुरू झालेल्या या संघाचा हेतू संत बेनेडिक्ट यांच्या नियमाकडे, विशेषतः हातांच्या श्रमाकडे, परत जाण्याचा होता. त्याचा दुसरा कन्यामठ १११४ मध्ये शाब्लीपासून सुमारे १५ किलोमीटरवर, सेरँच्याच काठी, पोंतिन्यी येथे स्थापन झाला. संत बर्नार्ड यांचे स्नेही ह्यूग द माकों हे तेथील पहिले मठाधिपती. चारच वर्षांनी, १११८ मध्ये, पोंतिन्यीच्या मठाने तूरच्या संत मार्टिन संस्थेशी करार करून शाब्लीच्या टेकड्यांवरील द्राक्षमळे कसायला घेतले. एका धर्मसंस्थेने दुसरीची जमीन खंडाने घेतली, असा हा साधा व्यवहार होता. पुढे मठाने गावात स्वतःचे तळघर बांधले. ‘पती पोंतिन्यी’, म्हणजे ‘छोटे पोंतिन्यी’, या नावाने ती वास्तू आजही उभी आहे.

मठवाशांनी वाईन करावी आणि प्यावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमाच्या ४० व्या प्रकरणात हा प्रश्न मोठ्या व्यवहारी शहाणपणाने हाताळला आहे. वाईन मठवाशांना शोभत नाही हे खरे, परंतु आजच्या मठवाशांना ते पटवता येत नाही. तेव्हा निदान अतिरेक तरी टळावा, असा त्यांचा सूर आहे. दिवसाला एक हेमिना, म्हणजे सुमारे पाव लिटर, असे माप त्यांनी घालून दिले. ५७ व्या प्रकरणात ते आणखी एक गोष्ट सांगतात: मठातला माल विकताना लोभ शिरू नये म्हणून तो बाहेरच्यांपेक्षा थोडा स्वस्त द्यावा. शाब्लीच्या आजच्या किमती पाहिल्यावर हे प्रकरण आम्हांला वारंवार आठवते.

मठवासी जिभेवर माती ठेवून कोणता मळा चांगला ते ठरवीत, अशी एक कथा पर्यटकांना मोठ्या हौसेने ऐकवली जाते. आम्हांला ती पटत नाही. कोणत्या उतारावर ऊन आधी येते आणि कोणत्या खळग्यात गारठा साचतो, हे कळण्यासाठी माती चाटावी लागत नाही. पिढ्यानपिढ्या एकाच जागी राबावे लागते आणि लिहून ठेवावे लागते. मठाजवळ या दोन्ही गोष्टी होत्या. मठवासी मरत, पण मठ मरत नसे. एकाने पाहिलेले दुसऱ्याला उपयोगी पडे.

वाईनची पिंपे गाड्यांतून ओसेर गावी जात, तेथून होड्यांत चढून योन नदीतून सेन नदीत, पॅरिसला आणि पुढे समुद्राकडे. तेराव्या शतकाच्या मध्यास सालिम्बेने हा इटालियन फ्रान्सिस्कन बंधू या भागातून गेला. त्याने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे की, येथील लोक पेरीत नाहीत, कापीत नाहीत, कोठारेही भरीत नाहीत. केवळ वाईन नदीतून पॅरिसला धाडतात आणि तेवढ्यावर त्यांचे उत्तम चालते. शुभवर्तमानातील आकाशातल्या पाखरांची आठवण त्याला हेतुपुरस्सर करून द्यायची होती, यात शंका नाही. बखरकार विनोदी होता.

पोंतिन्यीचा लौकिक मात्र केवळ मळ्यांचा नव्हता. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याशी बिनसल्यावर कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट १１६४ च्या अखेरीस येथे आश्रयाला आले. राजाने आपल्या राज्यातील सर्व सिस्टर्शियन मठांवर सूड उगवण्याची धमकी दिली, तेव्हा मठावर संकट नको म्हणून त्यांनी ११६६ मध्ये पोंतिन्यी सोडले. ११७० मध्ये त्यांची त्यांच्याच कॅथीड्रलमध्ये हत्या झाली. पुढे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनाही हद्दपारीत येथेच आसरा मिळाला. १२४० मध्ये निधन पावलेले तिसरे आर्चबिशप, संत एडमंड, यांचा देह आजही मठाच्या चर्चमध्ये आहे. हे चर्च शंभर मीटरहून अधिक लांब आहे.

त्यानंतरच्या शतकांवरून आम्ही झरझर पुढे जातो. १५६८ मध्ये धर्मयुद्धांच्या धुमाळीत ह्युगनॉ सैन्याने शाब्ली आणि पोंतिन्यी दोन्ही लुटली. अशा युद्धांत दोन्ही बाजूंनी काय काय केले, ते वाचकांना ठाऊक आहे. मठ पुन्हा सावरला. तो संपला तो राज्यक्रांतीत. २ नोव्हेंबर १७८९ रोजी फ्रेंच राष्ट्रसभेने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली, पुढच्या वर्षी मठवासी व्रते रद्द झाली, आणि १७९१ मध्ये मठाच्या मळ्यांचा लिलाव झाला. त्यांपैकी ‘ला मुतोन’ नावाचा उत्तम तुकडा कोणी घेतला? शेवटच्या मठाधिपतींचे बंधू सिमॉं देपाकी यांनी. यात कोणी कावा पाहील, कोणी निष्ठा. आमच्या मते दोन्ही थोडे थोडे असावे. ‘मुतोन’ म्हणजे मेंढरू. ही वाईन घेतल्यावर मठवासी कोकरांसारखे उड्या मारीत, म्हणून हे नाव पडले, असे गावकरी मिस्कीलपणे सांगतात.

एकोणिसाव्या शतकात योन जिल्ह्यात सुमारे ४०,००० हेक्टर जमीन द्राक्षांखाली होती. तहानलेले पॅरिस जवळ, नदी हाताशी. आणखी काय हवे होते? १८५१ मध्ये पॅरिस ते दिजॉं लोहमार्ग पुरा झाला आणि पुढील काही वर्षांत तो भूमध्य समुद्राला भिडला. दक्षिणेची उन्हात सहज पिकणारी स्वस्त वाईन पॅरिसला येऊ लागली. योनच्या होड्यांचे काम संपले. त्यातून १८८० च्या दशकात भुरी रोग आला आणि १८८७ च्या सुमारास फिलॉक्झेरा. मुळांवर जगणारा हा सूक्ष्म किडा अमेरिकेतून आलेला, आणि त्यावर इलाजही अमेरिकनच: तेथील रानवेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधायचे. पुन्हा लागवड करायची तर पैसा हवा आणि माणसे हवीत. पैसा थोड्यांकडे होता; आणि माणसे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने नेली.

याच पडत्या काळात एका धर्मगुरूंचे नाव येते आणि आम्हांला ते विशेष जवळचे वाटते. युद्धानंतर मळेवाल्यांना आपली वाईन व्यापारी सांगेल त्या भावाने विकावी लागे. १९२३ मध्ये आबे बालित्रां या स्थानिक धर्मगुरूंच्या पुढाकाराने त्यांनी ‘ला शाब्लीझियेन’ ही सहकारी संस्था काढली. वसईच्या वाचकांना यात अनोळखी असे काही वाटणार नाही. मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये, म्हणजे पाचच वर्षे आधी, वसईत कॅथॉलिक सहकारी बँकेचा पाया घातला होता. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. शेतकऱ्याचे दुखणे तेवढे सारखे होते. शाब्लीची ती संस्था आजही चालू असून प्रदेशातील सुमारे चौथा हिस्सा वाईन तिच्या तळघरांतून निघते.

१९३८ मध्ये सरकारी आदेशाने शाब्ली या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. नाव लावायचे तर द्राक्षे ठरलेल्या गावांतली आणि किमेरिजी मातीतली हवीत, असा त्या आदेशाचा रोख होता. माथ्यावरील पोर्टलँडी जमिनीला १९४४ मध्ये ‘पती शाब्ली’, म्हणजे ‘छोटी शाब्ली’, हे वेगळे व दुय्यम नाव देण्यात आले. सर्वांत वर मान गावासमोरच्या, सेरँच्या उजव्या तीरावरील एका सलग नैऋत्याभिमुख उताराचा. त्या सुमारे १०० हेक्टरांत सात मळ्यांची नावे आहेत: ब्लांशो, बुग्रो, ले क्लो, ग्रनुय, प्रेझ, व्हालम्यूर आणि व्होदेझीर. मठाची ला मुतोन यांतल्या दोन मळ्यांच्या हद्दीवर पसरलेली असल्याने यादीत तिचे आठवे नाव आले नाही, तरी ते नाव बाटलीवर चालते.

कायदा झाला, पण मळेच उरले नव्हते. १५ जून १९४० रोजी विमानांनी गावावर बाँब टाकले आणि मधली वस्ती उद्ध्वस्त झाली. १९४५ च्या वसंतातील गारठ्याने जवळपास सारे पीक नेले. १९५० च्या दशकाच्या मध्यास शाब्लीचे मळे सुमारे ५०० हेक्टरांवर आले होते. ज्या ले क्लो मळ्याचा पहिल्या प्रतीत मान, त्याच्या पडीक उतारावरून १९५६ च्या हिवाळ्यात गावची मुले बर्फावर घसरपट्टी खेळत, अशी आठवण तेथील वृद्ध सांगत.

आणि नेमक्या याच वर्षांत हे नाव जगभर दुथडी भरून वाहत होते. कॅलिफोर्नियात कोणत्याही द्राक्षाच्या, कोणत्याही खोऱ्यातल्या स्वस्त पांढऱ्या वाईनला ‘शाब्ली’ म्हणण्याची रीत पडली. ऑस्ट्रेलियातही तेच. १९६० च्या दशकात अमेरिकेत गुलाबी रंगाचीसुद्धा ‘शाब्ली’ निघाली. सेरँच्या काठी राबणाऱ्यांना याबद्दल छदामही मिळत नव्हता. उलट, खरी शाब्ली पुढे केली तर ही फार आंबट आणि फार महाग, असे ऐकावे लागे. ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये अंमलात आलेल्या करारान्वये हे नाव सोडण्याचे मान्य केले. अमेरिकेने २००६ च्या करारात नव्या मालावर हे नाव लावण्यास बंदी घातली; आधीपासून चालत आलेल्या छापांना मात्र मुभा ठेवली. चोरी जुनी असेल तर तिला वहिवाट म्हणतात, असाच याचा अर्थ आम्ही करतो.

परक्यांशी भांडण चालू असताना घरातही एक भांडण पेटले होते आणि ते अधिक विचार करण्यासारखे आहे. १९६० नंतर गारठ्यावर उपाय निघाले, भाव चढले, आणि पडीक उतारांवर पुन्हा लागवड होऊ लागली. आता प्रश्न आला: शाब्ली कोठवर? विल्यम फेव्र यांच्या गटाचे म्हणणे असे की, किमेरिजी माती हीच शाब्लीची ओळख. ती हद्द ओलांडली की आपणही कॅलिफोर्नियाचेच काम करू लागलो. झां द्युरूप यांच्या गटाचे म्हणणे असे की, उताराची दिशा आणि तेथील हवा यांचे महत्त्व मातीहून कमी नाही, आणि ज्या जमिनींवर नव्याने वेली लावायच्या आहेत त्यांपैकी कित्येकांवर फिलॉक्झेरापूर्वी वेली होत्याच. दोन्ही गटांच्या वेगळ्या संघटना झाल्या. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी नियामक संस्थेने दुसऱ्या पक्षाकडे कौल झुकवला; किमेरिजी मातीची अट सैल झाली आणि हद्द वाढली. आज शाब्लीच्या सर्व प्रतींचे मिळून सुमारे ५,८०० हेक्टर मळे आहेत.

आमचे मत विचाराल तर, फेव्र यांची भीती खोटी नव्हती. माथ्यालगतच्या थंड जमिनीतून आलेली कितीतरी पातळ वाईन या नावाखाली विकली गेली आहे. परंतु १९५५ चे ५०० हेक्टर ही गावाची नैसर्गिक हद्द नव्हती; ती त्याच्या पडझडीची खूण होती. पडझडीलाच परंपरा समजून तिच्याभोवती कुंपण घालणे, हा मोह जुन्या संस्थांना नेहमीच होतो. किमेरिजी थर कोठे संपतो ते भूशास्त्रज्ञ सांगू शकतो. शाब्ली कोठे संपते हे त्याला विचारून भागत नाही. १११८ मध्येही हद्द दगडाने आखली नव्हती. दोन धर्मसंस्थांनी एकत्र बसून ती ठरवली होती.

गारठ्याचा उल्लेख वर आला. त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण शाब्लीच्या माणसाची झोप त्यानेच उडवली आहे. मार्चअखेरीस वेलीला कोंब फुटतात आणि मेच्या मध्यापर्यंत कोणत्याही निरभ्र रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. एक रात्र पुरते. निफाडच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवून बसणाऱ्या आपल्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शाब्लीत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वेलींच्या ओळींत तेलाच्या शेगड्या ठेवू लागले. आता मेणाचे डबेही पेटवतात. दुसरा उपाय ऐकायला विपरीत वाटतो: थंडी वाढली की कोंबांवर पाणी फवारायचे. पाणी गोठताना उष्णता सोडते, आणि बर्फाच्या त्या वेष्टणात कोंब शून्य अंशावर सुरक्षित राहतो. मात्र सूर्य वर येऊन बर्फ वितळेपर्यंत फवारा क्षणभरही थांबता कामा नये. थांबला तर तेच पाणी कोंबाला मारते. या कामासाठी शेजारच्या बेन गावी मोठा तलाव खोदला आहे.

हवामान तापू लागल्यापासून गारठा कमी होईल असे वाटले होते. घडले उलटे. हिवाळे सौम्य झाल्याने कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलच्या थंडीला आयते सापडतात. २०१६, २०१७ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये मळ्यांचे फार मोठे नुकसान झाले. १ मे २०२४ रोजी गारपिटीने झोडपले. वाचलेली द्राक्षे पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक गोड पिकतात. ज्या धारदार आंबटपणासाठी इतकी भांडणे झाली, तोच आता जपावा लागतो आहे, आणि एकेकाळी फार थंड म्हणून नाकारलेल्या जमिनींकडे मळेवाले नव्या नजरेने पाहू लागले आहेत.

मे महिन्याच्या ११, १२ आणि १३ या तारखांना संत मामेर, संत पांक्रास आणि संत सेर्वे यांचे स्मरण केले जाते. फ्रेंच शेतकरी त्यांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात. ते तिघे येऊन गेले की वर्षाची थंडी सरली, असा त्यांचा ठोकताळा आहे. वेली आता दोन आठवडे आधी फुटतात, संतांच्या तारखा मात्र त्याच आहेत, आणि १३ मे उलटेपर्यंत शाब्लीचा मळेवाला उशाशी तापमापक घेऊनच निजतो.